शिंगाळा सरडा पुन्हा पुन्हा खाणं का सोडतो? नागपुरातल्या चार उन्हाळ्यांचा हिशेब

"रातकिडे खातो. दिवा चालू आहे. पाण्याची वाटी भरलेली आहे. तरी कंबरेची हाडं वर आलीत. काऊन असं होत असंन?"

हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी विचारतं. पहिल्या वर्षी मी स्वतःच तो तीनदा विचारला होता, तीन वेगळ्या लोकांना. तिघांनी तीन औषधं सांगितली, तिन्ही वेळा सरडा थोडा सुधारला आणि तिन्ही वेळा दीड-दोन महिन्यांत पुन्हा खाली आला. औषधानं थोडा फरक पडत होता, म्हणूनच खरं कारण लक्षात यायला अख्खं वर्ष गेलं.

माझ्याकडचा सरडा वाळवंटी शिंगाळा, म्हणजे डोक्यावर शिंगांसारखे काटे असलेला अमेरिकेतला चपटा सरडा. शास्त्रीय नाव फ्रायनोसोमा प्लॅटिऱ्हायनोस. एका मित्राला शिकायला परदेशी जायचं होतं, त्याच्याकडून तो कागदपत्रांसकट माझ्याकडे आला. आई त्याला चपट्या म्हणते, कारण उन्हात पसरला की तो भाकरीच्या तुकड्यासारखा दिसतो. हे लिहितोय ते ज्यांच्या घरात असा सरडा आधीच आहे त्यांच्यासाठी. नवीन आणायचा विचार असेल तर खालचा मुंग्यांचा भाग आधी वाचा, मग ठरवा. आणि कागदांचंही बघा. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूचीतल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी सक्तीची झाली आहे आणि २०२४ मध्ये तिचे नियमही आले आहेत.

आधी काटा, मग औषध

"खातो" आणि "खात नाही" या दोन शब्दांवर काहीच ठरवू नका. इतवारीत सोनारकामाचे छोटे डिजिटल काटे मिळतात, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारे. तसा एक घ्या आणि दर रविवारी सकाळी, खायला देण्याआधी, वजन वहीत लिहा. माझ्या वहीत पहिल्या जानेवारीत ३१.२ ग्रॅम आहे आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात २६.८. या काळात तो रोज चार-पाच रातकिडे खात होता. म्हणजे डोळ्यांना खाणारा सरडा दिसत होता आणि काट्याला उपाशी.

दुसरी गोष्ट विष्ठा. हे वाचून नाक मुरडू नका, यातून जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशातून कळत नाही. मुंग्यांवर जगणाऱ्या शिंगाळ्याची विष्ठा अंगाच्या मानानं मोठी, कोरडी, गोळीसारखी असते. ती चिमटीत फोडली की काळ्या-तांबड्या चकचकीत कवचांचा चुरा निघतो, मुंग्यांची डोकी चक्क मोजता येतात. रातकिड्यांवरच्या माझ्या सरड्याची विष्ठा मऊ, लहान आणि चार-पाच दिवसांनी एकदा यायची. तिच्यासोबतचा पांढरा भाग खडूच्या लगद्यासारखा हवा. तो पिवळट आणि कडक असेल तर पाणी कमी पडतंय.

शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगे पडले, डोळे आत गेले किंवा दिवसाही डोळे मिटून बसणं सुरू झालं, तर पुढचं सगळं वाचत बसू नका. शेवटचा "डॉक्टरांकडे" हा भाग आधी वाचा.

त्याचं पोट मुंग्यांसाठी बनलंय

शिंगाळा सरडा डोळ्यांतून रक्ताची पिचकारी उडवतो हे शाळकरी पोरांनाही माहीत असतं. तो काय खातो हे मात्र पाळणाऱ्यांनाही माहीत नसतं.

हे सरडे दक्षिण कॅनडापासून ग्वाटेमालापर्यंत पसरले आहेत. जाती पंधराच्या वर आहेत आणि मुंग्यांची ओढ सगळ्यांना सारखी नाही. डोंगराळ भागातले आखूड शिंगांचे सरडे त्या मानानं भोळे, मिळेल तो किडा खातात. टेक्सासचा शिंगाळा मात्र मुख्यतः मुंग्यांवर जगतो, अ‍ॅरिझोना-सोनोराकडचा राजशिंगाळा तर जवळजवळ मुंग्यांवरच. वाळवंटी जात मधली, तरी तिच्याही पोटात सगळ्यात जास्त सापडतात त्या मुंग्याच. आपल्याकडची जात कोणती हे न बघता कुणाच्या तरी अनुभवावर विसंबलं की पहिली चूक तिथंच होते. आखूड शिंगाचा सरडा ज्यानं रातकिड्यांवर चार वर्षं सांभाळला, त्याचं खरंच असतं. ते तुमच्या सरड्याला लागू पडत नाही, एवढंच.

आता मुंगीच का? मुंगी हे फार हलकं खाणं आहे. बहुतेक भाग कवच, ते पचत नाही, आत चिमूटभर मांस. अशा खाण्यावर जगायचं तर खूप खावं लागतं आणि ते साठवायला मोठं पोट लागतं. वाळवंटी शिंगाळ्यावरच्या जुन्या अभ्यासात त्याच्या पोटाचा ऐवज शरीराच्या वजनाच्या सुमारे १३ टक्के भरला होता. साठ किलोच्या माणसाच्या हिशेबानं हे जवळपास आठ किलो होतात. एवढं पोट घेऊन पळता येत नाही. म्हणून अंग चपटं, रंग मातीचा, वर काटे आणि शिंगं. पळण्याऐवजी लपायचं, लपता आलं नाही तर टोचायचं. तासन् तास उघड्यावर बसून एकेक मुंगी टिपायची, हा त्याचा दिवस. त्याचं अख्खं शरीर मुंगीभोवती रचलंय म्हटलं तरी चालेल.

त्या मुंग्याही साध्या नाहीत. त्याचं मुख्य खाणं म्हणजे पोगोनोमर्मेक्स वंशाच्या, बिया गोळा करणाऱ्या मुंग्या. त्यांतल्या मॅरिकोपा जातीचं विष कीटकांच्या विषांत सगळ्यात जहाल मोजलं गेलंय. डझनभर डंखांत दोन किलोचा उंदीर मरावा इतकं. शिंगाळा अशी मुंगी चावत बसत नाही. जिभेवर घेतो, घशातला चिकट स्राव तिच्याभोवती गुंडाळतो आणि सबंध गिळतो. त्याच्या रक्तातही त्या विषाला निकामी करणारा घटक सापडलाय.

अशा प्राण्याला आपण काय देतो? दिवसाला पाच जाडजूड, मऊ रातकिडे. पुरणपोळीवर ज्वारीच्या भाकरीची भूक भागत नाही तसं काहीसं. पोट लवकर भरतं, तो तोंड फिरवतो, आणि आपण म्हणतो, "आज पोट भरलं वाटतं." माझ्या पहिल्या वर्षाची गोष्ट एवढीच आहे.

टेक्सासात हा धडा फार मोठ्या किमतीत शिकले. एके काळी तिथे हे सरडे खेळण्यासारखे विकले जायचे, घरोघर नेले जायचे आणि फार काळ टिकायचे नाहीत. १९६७ मध्ये तिथे त्यांना कायद्याचं संरक्षण मिळालं, १९७७ मध्ये ते संकटग्रस्तांच्या यादीत गेले. बाहेरून आलेल्या लाल आगमुंग्यांनी आणि कीटकनाशकांनी तिथल्या बीमुंग्या हटवल्या, हेही त्यांच्या घटण्याचं एक कारण मानलं जातं. आज फोर्ट वर्थ आणि सॅन अँटोनियोच्या प्राणिसंग्रहालयांत त्यांची पैदास करून पिल्लं रानात सोडतात.

लिंबू पिळू नका

त्या तीन औषधांखेरीज मला मिळालेला पहिला सल्ला असा होता: मुंगीत फॉर्मिक आम्ल असतं, त्याची सरड्याला गरज असते, म्हणून रातकिड्यांवर लिंबू पिळ. मी पिळलं. चपट्यानं जीभ लावली, डोळे मिटले आणि दोन दिवस रातकिड्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सल्ल्याचं मूळच चुकीचं आहे. फॉर्मिक आम्ल मुंग्यांच्या एकाच उपकुलात असतं, ज्यात आपला काळा मुंगळा आणि आंब्यावर पानं शिवून घरटं करणारी तांबडी मुंगी येते. पोगोनोमर्मेक्स त्या उपकुलातली नाही. तिच्याकडे नांगी आहे, फॉर्मिक आम्ल नाही. म्हणजे ज्या आंबटपणासाठी लिंबू पिळायचं, तो त्याच्या मूळ खाण्यात नसतोच. व्हिनेगरचंही तेच.

नागपुरात मुंगी कुठून आणायची

पोगोनोमर्मेक्स आपल्याकडे नाही, आणि परदेशातून जिवंत मुंग्या मागवायचा विचारही करू नका. टेक्सासात बाहेरच्या एका मुंगीनं काय केलं ते वर सांगितलंच. पण बिया गोळा करणाऱ्या मुंग्या आपल्याकडे आहेत. विदर्भात उघड्या, कडक जमिनीवर बारकं भोक आणि त्याभोवती भुशाची, फोलपटांची गोल कड दिसली की समजायचं, आत धान्याचं कोठार आहे. ट्रायकोमायरमेक्स आणि फायडोले वंशाच्या मुंग्या अशी घरं करतात. शेतावरच्या कुणालाही विचारा, खळ्यावरून ज्वारी नेणारी मुंगी म्हटलं की लगेच दाखवतील.

मी हिंगण्याच्या पुढे एका ओळखीच्यांच्या पडीक, मुरमाड तुकड्यावर जातो. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात चिखल होतो, तिथं ही वारुळं कमी सापडतात. मुरमावर ती वर्षानुवर्षं एकाच जागी असतात. सकाळी नऊच्या आत जायचं. उन्हाळ्यात दहानंतर जमीन इतकी तापते की मुंग्या आत जातात, आणि खरं सांगायचं तर आपणही.

पकडायला कुदळ लागत नाही. वारूळ खणलं की एक दिवसाच्या खाण्यासाठी वर्षाचं कोठार जातं, शिवाय निम्मी माती घरी येते. रांगेपासून हातभर अंतरावर एका ताटलीत चिमूटभर तीळ किंवा तांदळाची कणी ठेवा. पंधरा मिनिटांत ताटली भरते. मग प्लॅस्टिकच्या बरणीला दोन नळ्या लावून केलेली ओढबाटली वापरा. एका नळीनं तोंडानं ओढायचं, दुसरीतून मुंगी आत. तोंडाच्या नळीच्या आतल्या टोकाला मलमलीचा तुकडा बांधायला विसरू नका. मी एकदा विसरलो, पुन्हा कधी विसरणार नाही.

एका वारुळातून एका दिवशी शे-दीडशेपेक्षा जास्त घेऊ नका आणि त्याच वारुळाकडे पंधरा दिवस परत जाऊ नका. माझ्या वहीत अकरा वारुळांचे नंबर आहेत. हिशेब असा: रानात मोठा टेक्सासी शिंगाळा दिवसाला सत्तर ते शंभर मुंग्या खातो. सत्तर धरल्या तरी महिन्याला २,१०० होतात. माझा सरडा लहान आहे, पण आपल्या मुंग्याही पोगोनोमर्मेक्सपेक्षा बारक्या, त्यामुळे आकडा फारसा खाली येत नाही. हे ऐकून लोक म्हणतात, मग घरीच वारूळ पाळतो. पाळा, छंद छान आहे. पण प्लास्टरच्या पेटीतलं दोन-चारशे मुंग्यांचं वारूळ एका आठवड्यात संपेल, आणि पुन्हा तेवढं भरायला राणीला महिने लागतील.

कुठली मुंगी नको, हेही सांगतो. घराच्या भिंतीवरून चालणाऱ्या बारीक लाल, झोंबणाऱ्या मुंग्या आणू नका. त्या एकट्यादुकट्या चालत नाहीत, झुंडीनं येऊन चावतात आणि शिकाऱ्यालाच घेरतात. झाडावरच्या तांबड्या शिवणमुंग्याही नकोत. काळे मुंगळे अधूनमधून चार-दोन चालतात, चपट्याला आवडतात, पण रोजचं जेवण म्हणून नाही.

आणि जागा. माझी सगळ्यात वाईट फसगत इथं झाली. दुसऱ्या वर्षी कंटाळा करून आमच्याच ले-आउटमधल्या रिकाम्या प्लॉटवरून मुंग्या आणल्या. तिसऱ्या दिवशी चपट्याचे पाय थरथरायला लागले, मान वाकडी झाली. चौकशी केली तेव्हा कळलं की शेजारच्या बांधकामाच्या पायात वाळवीचं औषध नुकतंच मारलं होतं. तो वाचला, पण तीन आठवडे गेले. तेव्हापासून नवीन बांधकाम, धुरळणी होणारी गल्ली, काटोलकडच्या संत्र्याच्या बागा, कपाशीची शेतं, यांतलं काहीही जवळ असेल तर मी बरणी उघडतच नाही. घरात मुंग्यांसाठी खडूची रेघ ओढायची सवय असेल तर सरड्याच्या खोलीत तीही बंद. आईला हे समजवायला मला खडूपेक्षा जास्त दिवस लागले.

ताटात वाढायचं कसं

आणलेल्या मुंग्या एकदम ओतल्या की दुसरी अडचण सुरू होते. रानात शिंगाळा वारुळाच्या तोंडावर बसत नाही, रांगेच्या कडेला बसतो. फिरत्या मुंग्या टिपतो, आणि त्या अंगावर चढून गोळा व्हायला लागल्या की अंग झटकून दूर जातो. अंतर तो ठरवतो. काचेच्या पेटीत दूर जायला जागा नसते, तिथं अंतर मुंग्या ठरवतात. दोनशे मुंग्या सोडल्यावर सरडा डोळे मिटून, अंग फुगवून बसला असेल तर त्याला भूक नाही असं नाही, तो भेदरलाय. आणि असं दोन-तीनदा झालं की मुंगी दिसली तरी तो पाठ फिरवतो. "मुंग्या देऊनही खात नाही" अशा तक्रारींत मला हे कारण सगळ्यात जास्त वेळा सापडलं.

मी असं करतो: सकाळी दिवा लागल्यावर तासभर त्याला तापू देतो. मग उभ्या, गुळगुळीत कडांच्या टबात त्याला ठेवतो, कडेला वरून दोन बोटं व्हॅसलिनचा पट्टा. वीस-पंचवीस मुंग्या सोडायच्या. त्या संपल्या की आणखी वीस. दुपारी पुन्हा एकदा. हाताला वेळ नसेल तर हा सरडा तुमच्यासाठी नाही, हे मी तोंडावर सांगतो आणि लोकांना राग येतो.

संध्याकाळी टबात किंवा पेटीत एकही मुंगी राहता कामा नये. झोपलेल्या सरड्याच्या पापण्यांना आणि बोटांच्या बेचक्यांना त्या चावतात. रातकिडेही कुरतडतात.

मुंगीवर कॅल्शियमची भुकटी टाकायचा प्रयत्न करू नका, ती पाच पावलांत झटकून टाकते. आठवड्यातून एकदा दोन-तीन छोटे रातकिडे भुकटी लावून द्या, तेवढं पुरतं. पावसाळ्याच्या तोंडाला दिव्यावर येणारी पंखवाली वाळवीही त्याला फार आवडते. ती मऊ आणि तुपकट, म्हणून दिवाळीच्या फराळासारखी थोडीच.

कूलर लागला आणि जेवण थांबलं

मुंग्यांची घडी बसल्यावर दुसऱ्या वर्षी वजन ३० च्या वर आलं. मग रामनवमीच्या आसपास कूलर खिडकीत बसला आणि आठवड्याभरात चपट्या पुन्हा उपाशी. हे कारण पुस्तकात सापडणार नाही, कारण पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या घरी आपल्यासारखे कूलर नसतात.

कूलर दोन गोष्टी करतो. खोली थंड करतो आणि तिच्यात पाणी भरतो. पहिल्यामुळे दिव्याखालची जागा, जी मार्चमध्ये ४० अंशांवर होती, ती ३३ वर येते. या सरड्याचं शरीर ३५-३७ अंशांना पोचल्याशिवाय पचन नीट चालत नाही. सकाळी खाल्लेलं संध्याकाळी तसंच पडून राहतं आणि दुसऱ्या दिवशी तो तोंड लावत नाही. दुसऱ्यामुळे वाळवंटातल्या प्राण्याला एप्रिलमध्येच आषाढ भेटतो. खसच्या ओल्या ताट्यांच्या झोतात ठेवलेल्या पेटीत माझ्या आर्द्रतामापकानं ७० टक्के दाखवले होते.

उपाय सोपा निघाला. पेटी कूलर नसलेल्या, आतल्या खोलीत हलवली आणि दिव्याची उंची ऋतूप्रमाणे बदलायला लागलो. पण दुसऱ्या टोकाला जाऊ नका. मेच्या शेवटी नवतपा लागतो, पारा ४५ च्या पुढे असतो आणि बंद खोलीत दिवा न लावताही पेटी ४२ ला जाते. त्या दिवसांत दुपारी दिवा बंद, पेटीच्या एका कोपऱ्यात मातीचं उपडं मडकं आणि ओली पोटमाती, आणि पेटीतली एक जागा तरी ३० च्या खाली. खूप तापलेला सरडाही खात नाही. तो तोंड उघडून बसतो.

तापमान मोजताना एकाच यंत्रावर विश्वास ठेवू नका. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर कळलं, संवेदक बिघडला होता. सीताबर्डीत दीडशे रुपयांना मिळणारा काचेवर चिकटवायचा तापमापक त्याहून शहाणा असेल असं समजायचं कारण नाही. तो काचेचं तापमान सांगतो. सरडा बसतो त्या दगडावर टोक टेकवून मोजा, आणि दोन वेगळ्या मापकांनी मोजा.

अतिनील दिव्याबद्दल फार लिहीत नाही. नळी वर्षभरानं बदला, ती चालू दिसली तरी बदला. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन या कामाचं नाही, काच तो किरण अडवते. गच्चीवर सकाळचं ऊन द्यायचं असेल तर जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून, आणि समोर बसून. काचेची पेटी नागपूरच्या उन्हात ठेवली तर काही मिनिटांत सरडा संपतो.

पाणी मात्र थांबून बघण्यासारखं आहे. टेक्सासी शिंगाळा पावसात पाठ पसरून, डोकं खाली करून उभा राहतो. खवल्यांमधल्या बारीक खाचांतून पाणी आपोआप तोंडाकडे ओढलं जातं आणि तो जबडा हलवत ते पितो. असा प्राणी वाटीतल्या स्थिर पाण्याला पाणी समजत नाही. मी आठवड्यातून दोनदा सकाळी त्याच्या डोक्यावर ड्रॉपरनं कोमट पाण्याचे थेंब सोडतो. सुरुवातीला नुसता बसून राहायचा, आता पहिल्या थेंबाला मान खाली घालतो. पांढरा भाग पिवळा दिसायचा तो या एका सवयीनं थांबला. ज्यांच्या सरड्याचं "खाणं सुटलं" होतं, त्यांतल्या दोघांचं खाणं सुटलंच नव्हतं, तहान होती.

पोळ्यापर्यंतचा दुष्काळ

जूनच्या मध्यानंतर पाऊस धरला की वारुळांची तोंडं बंद होतात. उघडीप मिळाली तर एखादी सकाळ हाती लागते, पण सलग आठ दिवसांची झड लागली की बरणी रिकामी. मुंग्या सुरू केल्यावरच्या पहिल्या दोन पावसाळ्यांत मी अशा वेळी पुन्हा रातकिड्यांवर आलो आणि जुलै-ऑगस्टमध्ये वजन पुन्हा खाली.

आता मेच्या शेवटी पाच-सहा झाकणाचे डबे तयार करतो. तळाला कोरडी माती, एका बाजूला तीळ आणि बाजरी, दुसऱ्या बाजूला कापसानं बंद केलेली पाण्याची नळी, झाकणाला बारीक जाळी. प्रत्येक डब्यात वेगळ्या वारुळाच्या मुंग्या, मिसळल्या तर एकमेकींना फाडून खातात. राणी नसलेल्या कामकरी मुंग्या अशा डब्यात दोन-तीन आठवडे सहज जगतात. आणखी थोड्या दिवसांसाठी लागतील तेवढ्या एका छोट्या डबीत फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवतो. त्या गारठून गप्प होतात, बाहेर काढल्यावर दहा मिनिटांत चालायला लागतात. अगदी निश्चल मुंगी त्याला दिसतच नाही, म्हणून पूर्ण जागी होईपर्यंत थांबायचं. घरात या डबीवर "मुंग्या" असं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आमच्याकडे मोहरी समजून उघडली गेली आहे.

पावसाळ्यात पेटीत ओल राहू देऊ नका. वाळू ऐवजी मी घट्ट दाबलेली मुरमाची बारीक माती वापरतो. खाताना सैल वाळू तोंडात जाते आणि पोटात अडकते.

थंडीत राहू द्या त्याला

नोव्हेंबरच्या शेवटी दिवस लहान झाला की खाणं कमी होणं हे दुखणं नाही. दिवा आणि तापमान तेच ठेवलं तरी तो मातीत अर्धा पुरून घेतो. रानात या दिवसांत तो जमिनीखाली झोपलेला असतो. वजन दर आठवड्याला बघा, ते जवळपास तेच राहिलं तर तोंडात बळजबरीनं काही कोंबू नका. न पचलेलं खाणं घेऊन थंडीत झोपलेला सरडा जास्त धोक्यात असतो.

डॉक्टरांकडे

दोन आठवड्यांत वजन दहा टक्क्यांनी घटलं, थरथर दिसली, जबडा मऊ लागला किंवा विष्ठेला फार वास आला, तर घरगुती प्रयोग थांबवा. ताजी विष्ठा झाकणाच्या डबीत घ्या, वजनाची वही सोबत घ्या, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा सराव असलेल्या पशुवैद्याकडे जा. आपल्या शहरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयच आहे. तपासणीत जंत निघाले तर घाबरून सगळे एकदम मारायला सांगू नका. रानातून आलेल्या शिंगाळ्यांच्या जठरात एक गोलकृमी नेहमी असतो, त्याच्या आयुष्याचा एक टप्पा बीमुंगीतच जातो. थोडे असतील तर सरडा त्यांच्यासोबत जगतो. किती आहेत आणि वजन कुठे चाललंय, हे दोन्ही बघून डॉक्टर ठरवतील.

या रविवारी चपट्या ३३.१ ग्रॅम भरला. सात नंबरच्या वारुळाला पंधरा दिवस झालेत, उद्या सकाळी तिकडे जायचंय. आईनं तीळ काढून ठेवलेत आणि विचारलंय, "तुया सरड्याले तीळ, अन् आमच्या चटणीले काय?"